शेपटीवाल्या मॅडम

पृथ्वीला शेपूट असतं, हे मॅडमनी मला केंद्रातल्या माझ्या पहिल्याच दिवशी सांगितलं. मी नुकता बदली होऊन आलो होतो. पस्तिशी गाठलेला, दोन मुलांचा बाप. हजेरीची सही करून मान वर केली तर त्या समोर उभ्या.

"पट्टा काढून ठेवा. बक्कल लोखंडी आहे."

मी पट्टा काढला.

"चाव्या. मोबाइल. घड्याळ."

तेही ठेवलं.

"आता चला आत. पृथ्वीला शेपूट असतं, ठाऊक आहे ना?"

एका हाताने पँट सावरत मी म्हणालो, "नाही."

"असतं," त्या म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

आमचं केंद्र मुरुडच्या अलीकडे, नारळी-सुपारीच्या वाड्यांच्या मागे होतं. पृथ्वीचं चुंबकत्व क्षणाक्षणाला किती बदलतं त्याची नोंद ठेवायची, एवढंच आमचं काम. लोखंडाचा तुकडा जवळ आला तरी नोंद बिघडते, म्हणून यंत्रांची खोली लाकडाची, खिळे तांब्याचे आणि कड्या पितळेच्या. सगळं कोकण जांभ्या दगडात बांधलेलं आहे आणि जांभ्यात लोखंड असतं. त्यामुळे सगळ्या कोकणाविषयीच मॅडमच्या मनात थोडी नाराजी होती. त्याखालचा काळा कातळ तर आणखी वाईट, पण त्याचं त्या काही करू शकत नव्हत्या.

स्वतःच्या अंगावर मात्र त्यांनी लोखंडाचा कण ठेवला नव्हता. पदराला पितळेची पिन आणि अंबाड्यात लाकडी काटा. चपला मुरुडच्या चांभाराकडून मुद्दाम शिवून घेतलेल्या, एकही चूक, म्हणजे बारीक खिळा, न मारलेल्या. तो चांभार प्रत्येक वेळी विचारायचा, "बाई, आता तरी एखादी मारू का? टिकतील." छत्रीच्या काड्या पोलादी असतात म्हणून पावसाळ्यात त्या कार्यालयातून यंत्रांच्या खोलीकडे जायच्या त्या डोक्यावर इरलं घेऊन. भातलावणीला बायका पाठीवर पानांचं इरलं घेतात, तेच. मॅडम पेणच्या आतल्या बाजूच्या भातशेतीच्या घरातल्या, त्यामुळे इरलं त्यांना शोभायचंही. दिल्लीहून आलेल्या एका पाहुण्यांना मात्र वाटलं की ही शेतावरची मजूर बाई आहे. त्यांनी तिला साहेब कुठे आहेत म्हणून विचारलं. मॅडमनी त्यांना कार्यालयाची वाट दाखवली, इरलं टांगून ठेवलं आणि मागच्या दाराने आत येऊन खुर्चीत बसल्या. "बोला," म्हणाल्या.

नियम सर्वांना सारखा होता. एकदा तपासणीला एक वरिष्ठ अधिकारी आले. पट्टा, पेन, चष्म्याची डबी, सगळं त्यांनी हसतहसत काढून ठेवलं. दाराशी आल्यावर मॅडमनी विचारलं, "शरीरात काही?"

"म्हणजे?"

"सळई, पट्टी?"

साहेब जरा ओशाळले. मागे अपघात झाला होता तेव्हा मांडीत सळई बसवली होती.

"कसल्या धातूची?"

"ते काही मी विचारलं नाही."

मॅडमनी थोडा विचार केला. "तुमचा पाय बाहेर ठेवता येणार नाही," त्या म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही बाहेर थांबा." साहेबांनी सगळी तपासणी माडाखाली खुर्चीत बसून केली. शेरा चांगला दिला. त्यांना तसं थांबवणारं बहुधा दुसरं कोणी भेटलं नसावं.

हे सगळं त्या शेपटासाठी. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला ते समजावून सांगितलं, कारण ज्याला शेपूट कळलेलं नाही त्याने यंत्रांना हात लावलेला त्यांना खपत नसे. सूर्यावरून सतत एक वारा सुटलेला असतो. तो पृथ्वीच्या चुंबकी कवचावर आदळतो. सूर्याकडची बाजू दाबली जाते आणि मागची बाजू ओढली जाऊन लांबच लांब शेपूट होतं, चंद्राच्याही पलीकडे जाणारं. त्या शेपटात ताण साठत राहतो. ते ताणत जातं, पातळ होत जातं, आणि मग कधीतरी सटकन तुटून अर्धं पृथ्वीकडे परत येतं, उरलेलं बाहेर फेकलं जातं. हे झालं उपवादळ. घटका-दोन घटकांचा खेळ. आणि सूर्यावरूनच मोठा तडाखा आला, दिवसचे दिवस सगळं कवच ढवळून निघालं, तर ते वादळ.

"म्हणजे पुष्कळ उपवादळं मिळून एक वादळ," मी हुशारी दाखवली.

"तुमचं लग्न झालंय ना?"

"हो."

"लग्नात भांडणं होतात. पण लग्न म्हणजे भांडणांची बेरीज नाही. आणि भांडणं लग्नाशिवायही होतात." एवढं बोलून त्यांनी आदल्या दिवसाच्या नोंदीवरचा एक लहानसा उंचवटा मला दाखवला. "हे बघा, शेपूट तुटलं ते हे."

मला तो उंचवटा पेन्सिल घसरल्यासारखा दिसला. त्यांना त्यात काय दिसायचं ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं. रोज सकाळी त्या ती रेघ बघायच्या, आणि त्या वेळी कोणी बोललं तर हात वर करून थांबवायच्या. पूजेला बसलेल्या माणसाशी आपण जसं बोलत नाही, तसं आम्ही त्या वेळेत कोणी बोलत नसू.

त्यांचे यजमान पनवेलला बँकेत होते. शनिवारी एसटीने यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचे. मऊ स्वभावाचा माणूस. फाटकाशी आले की न सांगता खिसे रिकामे करायचे, स्टीलचा डबा पहारेकऱ्याकडे द्यायचे आणि मग आत यायचे. मी त्यांना एकदा विचारलं, "तुम्हाला या शेपटाचं काही कळतं का हो?" ते म्हणाले, "ती घरी शांत असली म्हणजे तिकडे काहीतरी तुटलंय, एवढं कळतं."

तर एका मे महिन्यातली गोष्ट. सूर्यावर मोठा स्फोट झाला होता आणि बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं एवढं चुंबकीय वादळ पृथ्वीवर येऊन आदळलं. आमच्या नोंदीची रेघ आधी टुणकन वर उडाली आणि मग खाली, खाली, कागद संपेल की काय अशी घसरत गेली. मॅडम आनंदाने घामेजल्या होत्या. त्याच सकाळी साऱ्या तालुक्याच्या मोबाइलवर एक संदेश फिरत होता: महाभयंकर वादळ, सावध राहा. खाली हात जोडल्याची चित्रं.

इकडच्या लोकांना वादळ हा शब्द गमतीचा नाही. चार-पाच वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळात कोळीवाड्यातलं एक छप्पर जागेवर राहिलं नव्हतं. कोळीवाड्यातले एक वयस्क नाखवा मच्छीमार सोसायटीचे प्रमुख होते. त्यांनी केंद्रात फोन लावला. फोन मॅडमनीच उचलला. मी शेजारी उभा होतो आणि आवाज मोठा असल्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"बाय, वादल हाय का?"

"आहे."

"मोठा हाय?"

"खूप वर्षांतलं मोठं आहे."

"आनी वारा? वाऱ्याचा येग किती?"

मॅडमनी पडद्याकडे बघितलं. "सेकंदाला सातशे किलोमीटर. वाढेल अजून."

पलीकडे कोणालातरी हाका मारल्याचं ऐकू आलं. मग फोन बंद झाला.

मॅडम पुन्हा रेघेकडे वळल्या. खरं सांगायचं तर मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. जे विचारलं होतं ते त्यांनी सांगितलं होतं.

दुपारी मी मासळी आणायला बाजारात गेलो, तर मासळी नाही. एकही टोपली नाही. बंदरावर जाऊन बघितलं तर सगळ्या होड्या खाडीच्या आत नेऊन दोरांनी जखडलेल्या. घरांच्या पत्र्यांवर दगड आणि टायर चढवलेले. अंगणवाडी सोडून दिलेली. एक आजी देवाच्या फोटोसकट पडवीत बसलेली. आणि वर स्वच्छ आकाश, समोर तेल ओतल्यासारखा गुळगुळीत समुद्र.

मी येऊन मॅडमना सांगितलं.

"त्यांनी कुठल्या वाऱ्याचा वेग विचारला होता?"

"समुद्रावरच्या, मॅडम."

"पण फोन तर इथे केला होता."

"हो."

त्यांनी नोंदीकडे एकदा बघितलं. असं वादळ त्यांच्या नोकरीत पुन्हा येणार नव्हतं. त्या उठल्या, पायात चपला सरकवल्या आणि उन्हात चालत कोळीवाड्यावर निघाल्या. मीही मागोमाग गेलो.

बंदरावर बायका जमलेल्या होत्या. पावसाळ्यातली मासेमारीबंदी तोंडावर आलेली, राहिलेले दिवस मोजके. त्यात एक असा गेलेला. नाखव्याची बायको मासळी विकायला मुरुडला बसायची. ती पुढे झाली. "बाय, आमचा दिस गेला. बरफ घेतलाय, तो पानी जाला. तुमी येवऱ्या शिकलेल्या, आनी वारा कुठं हाय?"

"आहे," मॅडम म्हणाल्या. "पण तो तुमच्या डोक्यावरून खूप उंच आहे. त्याने केससुद्धा हलत नाही."

"मंग त्याला वारा कशाला म्हनता?" नाखव्याने विचारलं.

"नाव मी नाही ठेवलं."

कोणी हसलं नाही. मॅडमनाही कळलं की हे उत्तर पुरेसं नाही. त्यांनी पदर खोचला. "माझं चुकलं. तुम्ही काय विचारताय ते मी ऐकलं नाही. उद्या होड्या जाऊ द्या. काही होणार नाही."

नाखवा म्हणाला, "आज वादल हाय म्हनलात, उद्या काय न्हाय म्हनता. आमी कंचं ऐकावं? तुमी स्वतः चला व्होडीत. मंग आमी जातो."

मॅडम इतकी वर्षं समुद्राच्या काठावर राहिल्या होत्या, पण होडीत त्यांनी कधी पाय ठेवला नव्हता. भातशेतीच्या माणसांना गुडघ्याच्या वरचं पाणी आवडत नाही. "येते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आम्ही नाखव्याच्या होडीतून निघालो. मागे बाकीच्या होड्या. मॅडम मधल्या फळीवर दोन्ही हातांनी काठ धरून बसल्या होत्या. अर्ध्या तासात त्यांना उलट्या सुरू झाल्या. दोन उलट्यांच्या मधल्या वेळात त्या नाखव्याला समजावत होत्या की पृथ्वीला शेपूट असतं, वादळ अजून ओसरलेलं नाही, उपग्रहांचे संदेश वरच्या थरातून येताना वेडेवाकडे होत असणार, तेव्हा तुमचा जीपीएस बघा. नाखव्याने तो दाखवला. होडी त्यात चक्क खडकावर होती.

"बघा!" मॅडम ओरडल्या. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितला नव्हता. "बघा, बघा! कालपासून असं करतोय ना?"

"न्हाय बाय," नाखवा म्हणाला. "तो दिवालीपासना तसाच करतंय."

मॅडमचा चेहरा पडला. "मग हे ग्राह्य नाही," म्हणून त्या पुन्हा काठावर वाकल्या.

जाळं लावलेल्या जागी आलो तेव्हा भरतीचं पाणी जोरात वाहत होतं. इथे बोंबील धरायला डोल लावतात. रुंद तोंडाचं, मागे निमुळतं होत गेलेलं पिशवीसारखं लांब जाळं. तोंड प्रवाहाकडे करून ते बांधून ठेवायचं. पाणी आत शिरतं आणि जाळं मागे ताणून धरतं. स्वच्छ पाण्यातून ते लांबवर दिसत होतं. मॅडमनी तोंड पुसलं आणि टक लावून बघत राहिल्या. बराच वेळ उलटीही आली नाही.

"हे फाटतं तेव्हा आधी कुठे फाटतं? इथे बांधलंय तिथे, मुळाशी, की मागे मध्यावर?"

मला हा प्रश्न ओळखीचा होता. त्यांची सगळी हयात त्याच प्रश्नावर गेली होती. शेपूट तुटतं ते आधी कुठे? जगात दोन तट होते. एक म्हणायचा, मध्यावर दूर कुठेतरी तुटतं आणि धक्का पृथ्वीकडे येतो. दुसरा म्हणायचा, सुरुवात पृथ्वीजवळ, शेपटाच्या मुळाशी होते आणि ती मागे पसरत जाते. मॅडम मुळाच्या बाजूच्या. या बाजूने जगात जे काही महत्त्वाचं लिहिलं गेलं होतं, त्यात त्यांचं नाव असायचंच.

नाखव्याने प्रश्नाचा नीट विचार केला. "जिथं जुना जाला आसंल तिथं," तो म्हणाला.

परत येताना मॅडम मला हळूच म्हणाल्या, "हे उत्तर उपयोगाचं नाही."

पण त्या दिवशी होड्या भरून आल्या आणि कोळीवाड्यात त्यांचं नाव शेपटीवाली बाय पडलं. त्यांनी सोसायटीच्या भिंतीवर एक फळा लावून घेतला. त्यावर रोज सकाळी केंद्रातून कोणीतरी जाऊन दोन ओळी लिहायचा. वर 'वरचं वारं', खाली 'आपलं वारं'. वरची ओळ कोणी वाचत नसे. मॅडमना ते ठाऊक होतं. तरी ती आधी लिहायची, असा त्यांचा आग्रह होता.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांचा विद्यार्थी आला. मॅडमच्या हाताखाली शिकून तो परदेशी गेला होता आणि तिथे शेपटातून फिरणाऱ्या उपग्रहांच्या नोंदींवर काम करत होता. मॅडम त्याच्याविषयी फार बोलत नसत. पण त्याचं पत्र आलं की ते दिवसभर टेबलावर उघडं असायचं. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने तो रेवसला उतरला. मी जीप घेऊन आणायला गेलो होतो. तो गाडीत बसला आणि म्हणाला, "वाटेत कुठे चहा घेऊ या का?"

चौलला चहा घेतला. रेवदंड्याला घेतला. काशीदला त्याने पुन्हा थांबायला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "तब्येत बरी नाही का?"

"मॅडमचं सगळं चुकलंय," तो म्हणाला.

"कसलं?"

"मुळाचं. आधी मध्यावर तुटतं. मी सहा महिने तपासतोय. पत्रात लिहिण्याची हिंमत झाली नाही." तो बशीतल्या चहाकडे बघत होता. "तुम्ही सांगाल का त्यांना?"

"मला शेपटातलं काय कळतं?"

"मलाही कळत नव्हतं. त्यांनीच शिकवलं."

केंद्रात पोचलो. शनिवार होता. यजमानही आलेले होते, फाटकाजवळच्या ओट्यावर सुपाऱ्या कातरत बसले होते. लॅपटॉप आत नेता येत नव्हता, म्हणून विद्यार्थ्याने तो ओट्यावरच उघडला. मॅडम शेजारी बसल्या. त्याने एकेक आलेख दाखवायला सुरुवात केली.

"या घटना कुठल्या?" मॅडमनी विचारलं.

"तुम्हीच निवडून दिलेल्या, मॅडम. सगळ्यात स्वच्छ म्हणून."

"बरं. पुढे."

प्रत्येक आलेखात आधी मध्यावर हालचाल, मग थोड्या वेळाने मुळाशी. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. एकात मात्र उलट.

"हा?" मॅडम पुढे झुकल्या.

"त्यात मधल्या उपग्रहाची नोंद तुटलेली आहे. सुरुवात सापडत नाही."

मॅडम मागे सरकल्या. "म्हणजे तोही माझा नाही."

यजमानांच्या हातातला अडकित्ता थांबला होता. तो लोखंडी होता. मॅडमना तो इतक्या जवळ दिसत होता आणि त्या काही बोलल्या नाहीत, तेव्हा मी ओळखलं की हे साधं नाही.

"सगळं माझ्या टेबलावर छापून ठेव," त्या विद्यार्थ्याला म्हणाल्या आणि आत गेल्या.

रविवारभर त्या खोलीबाहेर आल्या नाहीत. विद्यार्थी वाडीत येरझाऱ्या घालत होता. यजमान त्याला म्हणाले, "अरे, ती रागावली नाहीये. ती मोजतेय." पण त्यांनाही खात्री नसावी, कारण त्या आठवड्यात ते सोमवारच्या गाडीने गेले नाहीत.

सोमवारी सकाळी मॅडम बाहेर आल्या. डोळे सुजलेले होते, पण केस नीट बांधलेले. विद्यार्थ्याला म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. दोन ठिकाणी अक्षांना नावं घालायची राहिलीत." मग मला म्हणाल्या, "गाडी काढा. मुरुडला जायचंय."

मुरुडच्या बाजारात त्या मिठाईच्या दुकानात शिरल्या आणि पेढे मागितले. दुकानदार ओळखीचा होता. "काय मॅडम, कसली खुशखबर?"

"मी चुकले होते."

तो थांबला. माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

"मंग," त्याने विचारलं, "साधे देऊ का केशरी?"

"केशरी द्या. बरीच वर्षं चुकले होते."

पेढे केंद्रातल्या सगळ्यांना मिळाले. पहारेकऱ्याने त्यांचं बढतीबद्दल अभिनंदन केलं. कोळीवाड्यावर त्या स्वतः गेल्या. नाखवा जाळं विणत होता.

"नात जाली का?"

"नाही. मी चुकले होते."

नाखव्याने पेढा तोंडात टाकला. "किती?"

"पंचवीस वर्षं."

त्याने मान डोलावली. "आमची व्होडी येकदा धुक्यान चुकली, ती शिरवरधनला निंगाली. तुमचा जरा लांबच गेला." मग विणता विणता म्हणाला, "पन परत आलात ना?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

येताना खाडीच्या पुलाजवळ त्यांनी मला गाडी थांबवायला सांगितली. काचेतून बाहेर बघत बसल्या.

"मला आवडायचं हो ते," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका साधा मी ऐकला नव्हता. "मुळापासून सुरू होतं, हे मला फार आवडायचं. पहिल्यांदा सुचलं तेव्हा मी पेणला आईकडे होते. धावत तिला सांगायला गेले. ती भात पाखडत होती. तिला काय कळणार, पण ती सूप बाजूला ठेवून ऐकत राहिली." त्यांनी नाक पुसलं. "आवडतं म्हणून खरं धरलं मी. एवढंच झालं."

मी धीर द्यायला म्हणालो, "मॅडम, तो तर म्हणत होता की वाद अजून पुरता मिटलेला नाही. वेगळ्या घटनांमध्ये वेगळंही असू शकतं."

"जगाचा नसेल मिटला," त्या म्हणाल्या. "माझा मिटला. चला."

विद्यार्थी ते निष्कर्ष गुपचूप कुठेतरी छापणार होता, मॅडमचं नाव न घेता. मॅडमनी ते चालू दिलं नाही. पुढच्या महिन्यात एका मोठ्या परिषदेत मॅडमचंच व्याख्यान ठरलेलं होतं, आणि ते निवृत्तीआधीचं शेवटचं होतं. त्यांनी आपली वेळ त्याला दिली. मला त्यांनी सोबत नेलं होतं, कारण विमानतळावर बॅगा तपासणाऱ्यांशी त्यांचे नेहमी वाद व्हायचे. सभागृह भरलेलं होतं. इतकी वर्षं त्यांच्याशी भांडलेले दुसऱ्या तटाचे लोक पहिल्या रांगेत बसले होते. मॅडम उठल्या, पितळेची पिन ठीक केली आणि त्याची ओळख करून दिली.

"यांनी माझी पंचवीस वर्षं वाचवली असती," त्या म्हणाल्या, "पण सुरुवातीला हे बालवाडीत होते."

सभागृह हसलं. मॅडम हसल्या नाहीत. खाली येऊन त्या माझ्या शेजारी बसल्या, हात मांडीवर ठेवून. तो बोलत होता तोवर त्यांचे ओठ हलत होते. आधी मला वाटलं, पुटपुटतायत. मग लक्षात आलं, तो कुठे अडखळला की त्या पुढचा शब्द सांगत होत्या. मुलाच्या गॅदरिंगला आई बसते तशा.

निवृत्तीनंतर त्या पेणच्या घरी राहायला गेल्या. यजमानही तोवर निवृत्त झाले होते. मला वाटलं होतं, आता त्या शेतीत रमतील. त्यांनी विद्यार्थ्याला कळवलं की तुझ्या हाताखाली काम करायचं आहे, जागा आहे का? शेवटी त्याने त्यांना एक काम दिलं: मोठ्या वादळात पृथ्वीच्याच हवेतला ऑक्सिजन वर जाऊन शेपटात शिरतो आणि ते जड करतो. मग त्याचं तुटणं बदलतं का? त्याचे हिशेब आता त्या मांडतात आणि तो ते तपासतो.

मागच्या दसऱ्याच्या सुमारास मी पेणला गेलो होतो तेव्हा त्यांच्याकडे डोकावलो. यजमानांनी दार उघडलं. "आत आहे," ते कुजबुजले. "पोराने कालचं सगळं लाल करून परत पाठवलंय."

मॅडम जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "या. तिसऱ्या परिच्छेदात मी पुन्हा चुकलेय म्हणतो तो."

"बरोबर म्हणतो का?"

"तेच बघतेय. बसा. बोलू नका."

मी बसलो. यजमानांनी चहा आणून ठेवला. बाहेर अंगणात कोणीतरी भात वाळत घालत होतं. मॅडम पेन्सिलीने एकेक ओळ पुन्हा तपासत होत्या. चहा गार झाला. मग त्यांचा हात एका आकड्यावर थांबला. त्यांनी तो पुन्हा केला. आणखी एकदा केला. मग मान वर करून आधी माझ्याकडे, मग यजमानांकडे बघितलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "या वेळी तो चुकलाय."

मला आनंद झाला. मी काहीतरी बोलणार होतो. पण त्या उठून खिडकीशी गेल्या, तिकडे आता किती वाजले असतील याचा बोटांवर हिशेब केला आणि फोन लावला. पट्टा काढा म्हणून सांगणारा आवाज मला ठाऊक होता. त्याच आवाजाची मी वाट बघत होतो.

"अरे, मी बोलतेय," त्या म्हणाल्या. "उठलास का? बरं. काही खाल्लंस? नाही? मग आधी खाऊन घे. नाही रे, घाई काही नाही. नीट बसून खा. मी थांबते."

आणि फोन कानाशी तसाच धरून त्या खिडकीत उभ्या राहिल्या.